भाव काय लावलाय?

कलकत्त्याजवळ दमदमला ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना होता, १९२८ सालचा. इंग्लंड-अमेरिकेत ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या रेकॉर्डी १९६० च्या आसपास बंद पडल्या. दमदमला मात्र त्या पुढेही कितीतरी वर्षं निघत राहिल्या. आपल्या खेड्यांत वीज पोचली नव्हती, चावीचे फोनो पोचले होते, आणि त्यांवर दुसरी कुठली रेकॉर्ड वाजतच नव्हती. त्यामुळे इंग्लंडच्या बीटल्स बँडची गाणी आली तेव्हा दमदमने तीही ७८ वर काढली. आज जगभरचे संग्राहक या भारतीय बीटल्सच्या शोधात असतात आणि चांगल्या अवस्थेतली एखादी रेकॉर्ड लाखांत जाते.

त्याच कारखान्यातून त्याच सुमाराला निघालेली मराठी भावगीतांची एक ७८ मला पुण्याच्या जुन्या बाजारात पन्नास रुपयांना मिळाली. मी घासाघीस केली नाही याचंच विकणाऱ्याला आश्चर्य वाटलं. "ताई, वाजवायला मशिन आहे का तुमच्याकडं?" एवढंच त्याने विचारलं. बहुतेक लोक भिंतीला लावायला नेतात, असंही त्याच्याकडूनच कळलं.

लाख तीच, साचे फिरवणारे हातही बहुधा तेच. मग एकीची किंमत लाख आणि दुसरीची पन्नास का? बीटल्सचे चाहते जास्त, हे उत्तर सरळ आहे आणि खरंही आहे. पण ते मला पुरत नाही. गाणं विकत घेण्याचा भाव माझ्या आयुष्यात इतक्या वेळा वर-खाली झाला आहे की तो कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं, हा प्रश्न मला सोडत नाही.

आमच्या साताऱ्याच्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा नावाचा रेकॉर्ड प्लेअर होता. प्लास्टिकच्या पेटीतला, मुठीला धरून कुठेही नेता येईल असा. बाबा शाळेत शिक्षक. सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा एलपी, म्हणजे जास्त गाण्यांची मोठी रेकॉर्ड, चाळीस-पन्नास रुपयांना पडायची. चार गाण्यांची ईपी त्या मानाने बरीच स्वस्त, म्हणून आमच्याकडे ईपीच जास्त. एलपी यायची ती महागाई भत्त्याचा फरक हातात पडला की. ती आणायला बाबा एकटे जात नसत. कुठली घ्यायची यावर आधी आठवडाभर चर्चा, आई एका बाजूला, आत्या दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी बाबा तिसरीच घेऊन येत. आमच्या घरी रेकॉर्ड ही कपाटातल्या चांदीच्या भांड्यांच्या पंगतीतली वस्तू होती. मुलांनी हात लावायचा नाही. सुई बाबाच ठेवणार.

सगळ्यांना परवडणारी ती वस्तूच नव्हती. लोक ऐकायचे ते रेडिओवर, लग्नात, गणपतीत. रामनवमीला ज्यांच्याकडे गीतरामायणाचा अख्खा संच असे त्यांच्या ओटीवर आळीतली माणसं येऊन बसत. आणि लाऊडस्पीकरवाला! गावातला सगळ्यात मोठा रेकॉर्डसंग्रह त्याचा असायचा, आणि सगळ्यात जास्त घासलेलाही. आज जुन्या बाजारात एखादी रेकॉर्ड उजेडात धरली आणि तिच्यावर पांढरट झाक दिसली, तर ती कुणा मंडपवाल्याकडची असणार असं मी धरून चालते. त्या रेकॉर्डीने हजारो माणसांना गाणं ऐकवलेलं असतं. बाजारात मात्र तिला शून्य किंमत.

मी कॉलेजसाठी पुण्यात आले तोवर कॅसेट आली होती, आणि कॅसेटच्या आधी तिची दुकानं. कॅसेट भरून देणारी दुकानं आजच्या मुलांना सांगितली तर खोटं वाटतं. सोनीची किंवा टीडीकेची कोरी साठ मिनिटांची कॅसेट घ्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची आणि दुकानात देऊन यायची. गाण्यामागे रुपया-दीड रुपया. यादी करताना मिनिटं मोजायची, कारण अ बाजूच्या शेवटी गाणं तुटलं तर जीव हळहळायचा. दीड-दोन मिनिटं उरली की दुकानदार स्वतःच्या आवडीचं काहीतरी भरून टाकायचा. अशा उरलेल्या जागेत मी पहिल्यांदा कितीतरी गवयांची नावं ऐकली. हे सगळं बेकायदा होतं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गाण्याच्या किमतीचा खरा कडेलोट केला तो टी-सीरिजने. कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती: ठरावीक मुदत उलटलेलं गाणं, नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून, दुसऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेता येत असे. तिचा आधार घेऊन जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या कॅसेट निघाल्या आणि मोठ्या कंपन्यांच्या भावापेक्षा कितीतरी खाली विकल्या गेल्या. शिवाय त्या पानटपरीवर, किराणा दुकानात, एसटी स्टँडवर मिळत. रेकॉर्डच्या दुकानाची पायरी चढायला ज्यांना संकोच वाटे, त्यांच्यापर्यंत गाणं आपल्या पायांनी चालत गेलं.

तेव्हा आम्ही शास्त्रीय ऐकणारी मुलं या प्रकाराला नाकं मुरडत होतो. आज मागे वळून पाहते तेव्हा दिसतं की प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज महाराष्ट्राच्या घराघरांत गेले ते या स्वस्त कॅसेटवरूनच. भीमगीतं, कोळीगीतं, पालखीची गाणी, जत्रेची गाणी: पन्नास रुपयांच्या एलपीच्या जगात यांतलं किती निघालं असतं? रेकॉर्ड महाग होती तेव्हा काय छापायचं हे पन्नास रुपये बाळगणाऱ्यांच्या आवडीवर ठरत होतं. कॅसेटवर ते दहा-वीस रुपयेवाल्यांच्या आवडीवर ठरू लागलं. किंमत खाली आली की फक्त गिऱ्हाईक वाढत नाही, गाणारेही बदलतात. ही गोष्ट रेकॉर्डप्रेमी मंडळी फारशी बोलत नाहीत.

सीडीबद्दल मला फार प्रेमाने लिहिता येणार नाही. १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये सोनीचा पहिला प्लेअर विक्रीला आला आणि आपल्याकडे ती रुळेपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं. मी नोकरीला लागले तेव्हा एकाच गायकाच्या एकाच ध्वनिमुद्रणाची कॅसेट पन्नास-साठ रुपयांना आणि सीडी तीनशेच्या आसपास. डेक्कनजवळच्या दुकानात दोन्ही हातांत दोन्ही धरून मी उभी राहायचे आणि बहुतेक वेळा कॅसेट घेऊन घरी यायचे. सीडी तयार करायला पुढे पुढे फारसा खर्च येत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. तिकडे अमेरिकेत २००० साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने पाचही बड्या रेकॉर्ड कंपन्यांना धरलं. दुकानांनी जाहिरातीत ठरावीक भावाखाली उतरायचं नाही, नाहीतर जाहिरातीसाठीचा पैसा बंद, असा त्यांचा खाक्या होता. त्यापायी ग्राहकांना ४८ कोटी डॉलरपर्यंतचा जादा भुर्दंड पडला असावा, असा कमिशनचा अंदाज होता. म्हणजे सीडीची किंमत हीसुद्धा एक राखलेली, पढवलेली गोष्ट होती.

ती कोसळली तेव्हा अगदीच कोसळली. घरच्या कॉम्प्युटरवर सीडी 'राइट' करता येऊ लागली. फुटपाथवर दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी तीस-चाळीस रुपयांना मिळू लागली, वर पॉलिथिनच्या पिशवीत रंगीत झेरॉक्सचं कव्हर. २००७ च्या सुमाराला मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा चकतीवरच्या कशालाही शंभराच्या वर पैसे मोजणं लोकांना वेडेपणाचं वाटू लागलं. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, गाण्यांचं जुनं दुकान, बंद झालं. त्याच वर्षी जिओ आलं. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं ते महिन्याला ११९ रुपयांत, आणि जाहिराती ऐकायची तयारी असेल तर फुकट. बाबांच्या पन्नास रुपयांच्या एलपीपासून फुकटापर्यंत आम्ही चाळिसेक वर्षांत येऊन पोचलो.

आणि मग लोक पुन्हा रेकॉर्डी घ्यायला लागले!

यात भावनेपेक्षा फॅशनचा भाग किती, याचे वाद घालण्यात मला रस नाही. आकडे मात्र गमतीचे आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये ४ कोटी १० लाख रेकॉर्डी विकल्या गेल्या आणि ३ कोटी ३० लाख सीडी. १९८७ नंतर पहिल्यांदाच नगांच्या हिशेबात रेकॉर्ड पुढे गेली. पुढच्याच वर्षी तिथे पाहणी झाली, तर वर्षभरात रेकॉर्ड घेतलेल्यांपैकी निम्म्याच लोकांकडे ती वाजवायचं यंत्र होतं. जुन्या बाजारातल्या त्या विकणाऱ्याला हे सांगायला हवं. भिंतीला लावणारे फक्त पुण्यात नाहीत.

आज मुंबईत माहीमच्या किंवा पुण्यातल्या एखाद्या दुकानात हिंदी सिनेमाची नव्याने काढलेली एलपी घ्यायची तर अडीच-तीन हजार सहज लागतात. परदेशी गाण्यांची त्याहून महाग. किंमत ऐकून जुनी माणसं कपाळाला हात लावतात. कारणं मात्र काही अगदी यंत्रशाळेतली आहेत. आपल्याकडचे कारखाने नव्वदच्या दशकात बंद पडले, त्यामुळे आपलीच गाणी युरोपात छापून जहाजाने परत आणायची, त्यावर आयात शुल्क, त्यावर जीएसटी. बरं, जगातही कारखाने थोडेच उरले होते. साचा तयार करण्यासाठी लॅकरची जी तबकडी लागते ती करणारे जगात दोनच मोठे कारखाने होते, एक जपानात आणि एक कॅलिफोर्नियात. त्यातला कॅलिफोर्नियातला फेब्रुवारी २०२० मध्ये आगीत जळाला. पाठोपाठ कोरोना, जहाजांची भाडी वाढलेली, आणि मागणी दुप्पट. २०२४ मध्ये मुंबईत रेकॉर्ड छापण्याचा कारखाना पुन्हा सुरू झाला, तेव्हा भाव काहीसा उतरेल अशी आशा आहे. मी मात्र नवी रेकॉर्ड घेत नाही. त्या पैशांत जुन्या बाजारातल्या पन्नास येतात.

जुन्याच्या भावातही एक अजब न्याय आहे, आणि तिथेच मला माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं.

राहुलदेव बर्मनची एलपी असेल तर विकणारा आधी खिशातून मोबाइल काढतो. परदेशी साइटवर ती कितीला गेली ते पाहतो, डॉलरचे रुपये करतो आणि तुम्हाला आकडा सांगतो. 'शोले'च्या संवादांची एलपी आपल्याकडे ढिगांनी खपली. ती दुर्मीळ नाही, तरी तिला भाव आहे, कारण कव्हर पाहून माणसं थांबतात. पण मराठी रेकॉर्ड हातात घेतली की त्याचा मोबाइल खिशातच राहतो. तिचा भाव कुठल्याच साइटवर नीट सापडत नाही. मग तो माझा चेहरा बघून ठरवतो. माझ्या हातात कापडी पिशवी असेल तर ऐंशी, खांद्याला चांगली पर्स असेल तर दोनशे. किंमत गाण्याची नसते, दुर्मीळपणाचीही नसते. ज्यांना ते गाणं आठवतं त्यांच्याकडे पैसा किती आणि ते कुठल्या देशात राहतात, याची ती किंमत असते. मराठी गाणी आठवणारी माणसं अमेरिकेत न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियातही आहेत, पण त्यांच्या दिवाणखान्यात टर्नटेबल असलं तर त्यावर बहुधा बीटल्सच असतात.

मराठी रेकॉर्ड स्वस्त, याचा मला सुरुवातीला आनंद व्हायचा. बालगंधर्व, हिराबाई, मास्टर कृष्णराव यांच्या ७८ मी अशा भावात आणल्या की घरी कुणाला सांगायची लाज वाटावी. मग एकदा एका कॅफेत भिंतीवर घड्याळं दिसली. एलपी लेसरने कापून केलेली, मधोमध लेबल तसंच ठेवलेलं. जवळ जाऊन वाचलं तर दोन लेबलं मराठी होती. घड्याळाची किंमत आठशे रुपये. हिशेब लख्ख होता: हिंदी एलपी कापणं परवडत नाही, म्हणून कच्चा माल मराठी.

७८ ची गत त्याहून वाईट. ती वाजवायला रुंद टोकाची वेगळी सुई लागते. आजच्या बऱ्याच टर्नटेबलना ७८ ची गतीच नसते. चावीच्या फोनोवर वाजवायची तर दर बाजूला नवी पिन हवी, कारण लाखेत दगडाची भुकटी कालवलेली असते आणि ती पिन खाते. हातातून पडली की तुकडे. वजन भरपूर, त्यामुळे घर आवरताना पहिली बाहेर जाते. ऐकायला मिळतं तीन-सव्वातीन मिनिटं. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर ती ठेवण्यासारखी वस्तूच नाही.

म्हणूनच वडाळ्याच्या 'यंग इंडिया' या रेकॉर्ड-लेबलची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ते काढणारी नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी ही मुंबईची देशी कंपनी, १९३५ पासून वीसेक वर्षं चाललेली. नामांकित कलाकार एचएमव्हीच्या करारात बांधलेले, त्यामुळे हिने नवख्या, हौशी गाणाऱ्यांना घेतलं. कंपनी बुडाली. या गायकांची नावं कुणाला आठवत नाहीत, म्हणून रेकॉर्डींना भाव नाही, म्हणून त्या कुणी सांभाळल्या नाहीत. मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली. तिचे सुरेश चांदवणकर, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधले शास्त्रज्ञ, यांनी या रेकॉर्डी संग्राहकांकडून गोळा करून त्यांचं डिजिटायझेशन केलं. पैसा दिला ब्रिटिश लायब्ररीच्या, धोक्यात आलेले दस्तऐवज वाचवण्याच्या योजनेने. बाजाराने ज्याला शून्य किंमत दिली ते लंडनच्या एका ग्रंथालयाने जपण्याजोगं ठरवलं. आपल्याकडच्या संस्थांबद्दल इथे मला बरंच काही लिहिता येईल, नको.

शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचं तर काय सांगावं! १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली, तीत गोव्यातल्या केरीच्या या बाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. निवड झाली, पण रेकॉर्ड मिळेना. ती बाजारातून केव्हाच गेली होती. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली, न उघडलेली.  आज ते गाणं ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. मला राहून राहून वाटतं, त्या दुकानदाराने भाव काय लावला असेल? फार नसणार. त्या खोक्याचं कुणाला मोल असतं तर ते आधीच विकलं गेलं असतं, आणि ही बाई त्या यानावर नसती. म्हणजे स्वस्त आणि नकोसं असणं कधी कधी वाचवतंसुद्धा. माझ्या घड्याळाच्या युक्तिवादाला हा चांगला छेद आहे, आणि तो मिटवायची मला घाई नाही.

सध्या मी सीडी जमवते आहे. घरच्यांना हे रेकॉर्डींपेक्षाही वेडगळ वाटतं. रेकॉर्ड निदान दिसायला छान, सीडी ही प्लास्टिकच्या फुटक्या डब्यातली चकती. नव्या लॅपटॉपला ती घालायला खाचसुद्धा नसते. पण नव्वदच्या दशकात लोक एलपी ज्या भावात रद्दीवाल्याला देत होते त्याच भावात आज सीडी जातायत, आणि त्यांत काय काय आहे! पुण्या-मुंबईच्या छोट्या कंपन्यांनी, संगीतमंडळांनी, गुरुजींच्या पंच्याहत्तरीला शिष्यांनी काढलेल्या सीडी. कुठल्याही ॲपवर त्या नाहीत, कारण ज्यांच्याकडे हक्क होते ती माणसं गेली किंवा कंपनी गेली, आणि अर्ज भरून गाणी वर चढवायला कुणी उरलं नाही. काही सीडी घरच्या कॉम्प्युटरवर राइट केलेल्या, वर मार्करने राग आणि तारीख. या राइट केलेल्यांचं आयुष्य कारखान्यात छापलेल्या सीडीपेक्षा बरंच कमी. आत रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने, उष्णतेने विटतो. अशा सीडी आणल्या की मी त्याच संध्याकाळी जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवते. काही वाचतात, काहींच्या मध्येच खरखर येते आणि पुढचं गेलेलं असतं.

परवा नेहमीच्या विकणाऱ्याकडे एका संगीतमंडळाच्या अशाच सीडींचं खोकं आलं होतं. दहाला एक हा त्याचा एरवीचा दर. मी एकेक डबी उघडून बघत होते, तेवढ्यात त्याने मोबाइलवरून नजर उचलली. "ताई, आता सीडीलापण गिऱ्हाईक यायला लागलंय. पोरं येतात, पंचवीसला घेऊन जातात."

इतकं सगळं लिहून झाल्यावर मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. "त्या पोरांना दे पंचवीसला," मी म्हटलं, "मला पंधराच्या वर परवडत नाही." अठराला पटला सौदा.